गायकवृंदाचा आवाज जपताना : रेकॉर्डर आणि मायक्रोफोन यांची निवड

कोल्हापूरला कलानगरी म्हणतात, ते उगाच नव्हे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) हे राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे गायक होते. त्यांच्या गायकीने या शहराला आणि साऱ्या महाराष्ट्राला समृद्ध केले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीतून अंतराळात गेली. परंतु खुद्द गुरूंचा आवाज आज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. ग्रामोफोन भारतात येऊन चार दशके लोटली होती, तरी खाँसाहेबांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका मागे उरली नाही. शिष्यांच्या कंठातून त्यांची विद्या टिकली, त्यांचा आवाज मात्र काळाबरोबर निघून गेला.

आपल्या ख्रिस्ती समाजातही असेच घडत असते. त्याची खंत कोणी जाहीरपणे बोलत नाही, एवढेच. काही वर्षांपूर्वी एका खेडेगावात प्रायश्चित्तकाळातील जुनी गीते पाठ असलेल्या एका वयोवृद्ध आजोबांचे गायन आम्ही मोबाइलवर मुद्रित केले. आजोबा वेदीजवळ बसून गात होते आणि आम्ही मागच्या बाकावर, पंख्याखाली बसलो होतो. घरी येऊन ऐकले तेव्हा शब्द अस्पष्ट, पंख्याची घरघर स्पष्ट आणि लोकांनी धृपद धरले की आवाज एकाएकी दबलेला, असे ते मुद्रण निघाले. ‘पुढच्या वर्षी नीट करू’ असे आम्ही म्हणालो. पुढच्या वर्षी आजोबा नव्हते. त्यांच्या चालींपैकी दोन आज कोणालाच पूर्ण येत नाहीत.

तेव्हापासून अनेक धर्मग्रामांतील गायकवृंदांकडून आम्हांला एकच प्रश्न विचारला जातो : ‘प्रत्यक्ष गायनाचे ध्वनिमुद्रण करावयाचे तर कोणता रेकॉर्डर घ्यावा? कोणता माइक घ्यावा?’ या लेखात त्याचे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. उत्तराचे सार आधीच सांगतो. यंत्राच्या किमतीपेक्षा यंत्र आणि गाणारा यांच्यामधील अंतर अधिक महत्त्वाचे असते. हे ध्यानात ठेवून खरेदी केली तर थोड्या पैशांत उत्तम काम होते. हे विसरले तर महागडी सामग्रीही वाया जाते.

ध्वनिमुद्रण कशासाठी?

यंत्र निवडण्यापूर्वी हेतू निश्चित असावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानात (१९६३) पवित्र संगीताचा ठेवा काळजीपूर्वक जतन करावा, गायकवृंदांना उत्तेजन द्यावे आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असे सांगितले आहे. आपल्या ओव्या, भजने, आरत्या आणि जपमाळेच्या वेळची गीते ही त्याच ठेव्यात मोडतात.

त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की १९५८ साली रोममधून प्रसिद्ध झालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनेत उपासनाविधीच्या वेळी ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर यांसारख्या यंत्रांतून संगीत वाजविण्यास मनाई केली होती, परंतु गाणी शिकविण्यासाठी त्यांचा उपयोग करण्यास मोकळीक दिली होती. त्यामागचा विचार आजही पटण्यासारखा आहे. मिस्साबलिदानात जमलेल्या भाविकांच्या मुखातून स्तुती निघावी, यंत्राच्या नव्हे. म्हणून आपण मुद्रण करतो ते गायकवृंदाच्या जागी लावण्यासाठी नव्हे. नव्या मुलामुलींना चाल शिकविता यावी, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना आपल्या चर्चमधील गाणे घरी ऐकता यावे आणि जुन्या चाली पुढील पिढीला मिळाव्यात, हे आपले हेतू होत.

शब्द छापील पुस्तकात टिकतात, चाल टिकेलच असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही, तरी हस्तलिखितांच्या आधारे हजारो ओव्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. मात्र चारशे वर्षांपूर्वी त्या नेमक्या कशा गायिल्या जात, हे ऐकविणारे साधन त्या काळी नव्हतेच. आपल्याला तशी सबब सांगता येणार नाही.

जुन्या काळचा धडा

अंतराचे महत्त्व आम्ही नव्याने शोधलेले नाही. एप्रिल १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग आणि त्यांचे बंधू यांनी रोममध्ये सिस्टाईन चॅपेलच्या गायकांचे ध्वनिमुद्रण केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी विजेचा मायक्रोफोन नव्हता. पत्र्याच्या कर्ण्यासमोर गावे लागे. आवाज कमी-जास्त करण्याची कळ नव्हती, म्हणून नाजूक जागेला गायकाने कर्ण्याजवळ यायचे आणि जोरकस तानेला मागे सरायचे, हाच उपाय होता.

दुसरे उदाहरण तर आपल्या कोल्हापूरचेच आहे. १९२९ साली येथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट तयार केला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, प्रमुख भूमिकांत गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. कलाकार चित्रीकरणाच्या वेळीच गात आणि साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून वाजवीत. नंतर आवाज जुळविण्याची आजच्यासारखी सोय नसल्याने कोणी माइकपासून किती दूर बसायचे, यावरच गाण्याचा तोल ठरत असे.

कर्णा गेला, माइक आला, आता तळहातावर मावणारी यंत्रे आली. परंतु तोल बसण्याच्या जागेवरून साधतो, हा नियम बदललेला नाही. त्यामागील कारण सोपे आहे. गाणाऱ्यापासून अंतर दुप्पट केले की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. चर्चच्या उंच छताखाली घुमणारा प्रतिध्वनी मात्र जवळपास सर्वत्र सारखाच असतो. म्हणून आपण जितके दूर जाऊ, तितका गाण्याचा अंश घटतो आणि घुमणे वाढते. आमच्या त्या फसलेल्या मुद्रणाचे मुख्य कारण हेच होते.

कोणता रेकॉर्डर घ्यावा?

पहिली पायरी म्हणजे हातातील मोबाइल. तो अगदीच निरुपयोगी नव्हे. पण बहुतेक मोबाइल संभाषणासाठी घडविलेले असल्याने मोठा आवाज आपोआप दाबतात आणि लहान आवाज आपोआप वर उचलतात. त्यामुळे गाण्यातील चढउतार नाहीसा होतो व दोन कडव्यांमधील शांततेत पंखा गरजू लागतो. दुसरे काहीच नसेल तर मोबाइल गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर, विमान स्थितीत आणि मऊ कापडावर ठेवून मुद्रण करावे. काहीच न करण्यापेक्षा ते बरे.

दुसरी पायरी म्हणजे अंगचे दोन माइक असलेला हातात मावणारा रेकॉर्डर. झूम कंपनीचा एच-१ एसेन्शियल, टास्कॅम कंपनीचे डीआर-०५एक्स आणि डीआर-०७एक्स ही या वर्गातील यंत्रे होत. यांपैकी डीआर-०५एक्सचे माइक सर्व दिशांचा आवाज घेतात, तर डीआर-०७एक्सचे माइक मुख्यतः समोरचा आवाज घेतात. घुमणाऱ्या चर्चमध्ये समोरचा आवाज घेणारे माइक अधिक उपयोगी पडतात. दहा-पंधरा जणांच्या गायकवृंदाला, घरातील नोव्हेनाला किंवा एकट्या आजीच्या ओव्यांना या वर्गातील यंत्र पुरेसे आहे. बहुसंख्य धर्मग्रामांना आमचा सल्ला येथेच थांबण्याचा आहे.

तिसरी पायरी म्हणजे बाहेरचे माइक जोडता येतील असा रेकॉर्डर. व्यावसायिक माइकच्या तीन पिनांच्या जोडणीला एक्सएलआर म्हणतात. टास्कॅम डीआर-४०एक्स आणि झूम एच-४ एसेन्शियल यांवर अशा दोन जोडण्या आहेत, झूम एच-६ एसेन्शियलवर चार. अंगच्या दोन माइकांवर संपूर्ण गायकवृंद आणि बाहेरच्या दोन माइकांवर एकल गायक व पेटी, असे वेगवेगळे मुद्रण करून नंतर त्यांचा तोल जुळविता येतो. नाताळचा किंवा पवित्र आठवड्याचा मोठा कार्यक्रम दरवर्षी मुद्रित करावयाचा असेल आणि हे काम शिकून घेणारा एखादा युवक वा युवती असेल, तरच या पायरीवर खर्च करावा.

अलीकडच्या काही यंत्रांत ‘३२-बिट फ्लोट’ ही सोय असते. झूमच्या वर उल्लेखिलेल्या तिन्ही यंत्रांत ती आहे. या पद्धतीत मुद्रणापूर्वी आवाजाची पातळी ठरविण्याची गरज उरत नाही. फार मोठा किंवा फार लहान मुद्रित झालेला आवाज नंतर संगणकावर पूर्ववत करता येतो. नवशिक्यांना हे वरदानच होय. पण एक सावधगिरी हवी. ढोलकीच्या अगदी तोंडाशी ठेवल्यामुळे मुळात माइकच ताणला गेला, तर ती चूक या सोयीनेही भरून येत नाही. अंतराची चूकही ती दुरुस्त करीत नाही.

माइकची ओळख

माइक प्रामुख्याने दोन प्रकारचे. वाचनपीठावर किंवा गायकाच्या हातात दिसतो तो बहुधा डायनॅमिक माइक असतो. शुअर कंपनीचा १९६६ पासून प्रचलित असलेला एसएम-५८ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तो दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही आणि तोंडाजवळ धरल्यास उत्तम चालतो. पण दोन मीटरवरून संपूर्ण गायकवृंदाचा आवाज टिपण्यासाठी तो योग्य नाही.

दुसरा प्रकार कंडेन्सर माइकचा. तो अधिक संवेदनशील असून दूरचा आणि नाजूक आवाजही स्पष्ट घेतो, म्हणून समूहगायनासाठी तोच हवा. रोड कंपनीचे एनटी-५ हे अशा लहान माइकांच्या जोडीचे एक उदाहरण. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा केबलमधूनच द्यावा लागतो. त्याला फँटम पॉवर म्हणतात. रेकॉर्डरवर ती सोय आहे की नाही, हे माइक घेण्यापूर्वी तपासावे. रेकॉर्डरमधील छोटे माइकही कंडेन्सर प्रकारचेच असतात, त्यामुळे चांगला रेकॉर्डर घेतला की आरंभी वेगळे माइक लागत नाहीत.

दोन माइक का? आपल्याला दोन कान आहेत, म्हणून. स्टिरिओ मुद्रणात डावीकडील स्त्रीस्वर आणि उजवीकडील पुरुषस्वर वेगळे कळतात. दोन्ही माइकांची तोंडे एका ठिकाणी जुळवून त्यांत ९० अंशांचा कोन ठेवणे ही एक्स-वाय पद्धत. फ्रेंच नभोवाणीने रूढ केलेल्या ओआरटीएफ पद्धतीत माइकांची तोंडे १७ सेंटिमीटर अंतरावर आणि ११० अंशांच्या कोनात ठेवतात. पहिली बिनचूक आणि सोपी आहे, दुसरीत वातावरण अधिक प्रशस्त वाटते. चार-पाच माइक इकडेतिकडे मांडण्यापेक्षा या पद्धतीने नीट लावलेले दोन माइक केव्हाही चांगले. अनेक माइक वापरावेच लागले, तर गायकापासून माइकच्या अंतराच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये असावे. नाहीतर एकच आवाज दोन माइकांत मागेपुढे पोहोचून पोकळ ऐकू येतो.

जागेचा विवेक

आता प्रत्यक्ष मांडणी. गायकवृंदाला दोन रांगांत, अर्धवर्तुळात उभे करावे. रेकॉर्डर हातात किंवा बाकावर ठेवू नये. तो तिवईवर, उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा किंचित उंच, पहिल्या रांगेपासून सुमारे दोन मीटरवर लावावा व मागच्या रांगेच्या चेहऱ्यांकडे रोखावा. त्यामुळे पुढच्या-मागच्या दोन्ही रांगांचे अंतर जवळपास सारखे होते. तबला किंवा ढोलकी गायकांच्या बाजूला आणि थोडी मागे बसवावी. पेटीच्या भात्याची बाजू माइककडे नसावी. खंजिरी आणि टाळ यांचा आवाज फार टोकदार असतो, त्यांना सर्वांत मागे ठेवावे. एक कडवे गाऊन घ्यावे, हेडफोनवर ऐकावे, माणसे हलवावीत आणि पुन्हा ऐकावे. कान पूर्ण झाकणारा हेडफोन हा खरेदीच्या यादीत रेकॉर्डर आणि तिवई यांच्या बरोबरीने असावा.

‘३२-बिट फ्लोट’ नसलेल्या यंत्रावर सर्वांत जोरकस गीत आधी गाऊन घ्यावे आणि पातळीचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे. तो शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज सांधता येत नाही. पातळी आपोआप ठरविणारी सोय बंद ठेवावी.

‘मिक्सरमधून थेट वायर घेतली तर?’ असेही पुष्कळ जण विचारतात. चर्चच्या मिक्सरमधून फक्त माइकवर आलेला आवाज मिळतो. ढोलकीला माइक नसेल तर ती मुद्रणात जवळजवळ नसतेच, आणि भाविकांचे गायन तर मुळीच नसते. आपल्या उपासनेत तेच तर मुख्य गायन. म्हणून मिक्सरची वायर घेतली तरी एक रेकॉर्डर मोकळा लावावाच. तो मात्र स्पीकरसमोर नसावा.

कोल्हापूरच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज कोणताही माइक टाळू शकत नाही. महत्त्वाचे मुद्रण पावसाळा संपल्यावर ठेवावे. मुद्रणापुरते पंखे बंद करावेत. रेकॉर्डर बॅटरीवरच चालवावा, म्हणजे वीज गेल्याने काम अडत नाही आणि विजेची गुणगुणही शिरत नाही. बॅटऱ्यांचा जादा संच खिशात असू द्यावा. मिरवणुकीच्या वेळी माइकवर वारा रोखणारे केसाळ आवरण घालावे.

मुद्रणानंतर

मुद्रण नेहमी वेव्ह स्वरूपात करावे. एमपी-३ मध्ये जागा वाचते, परंतु आवाजाचा काही अंश कायमचा वगळला जातो. ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट स्टिरिओ मुद्रणाला तासाला सुमारे १ गिगाबाइट लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर सुमारे ३० तासांचे गायन मावते. जागेची चिंता नको.

प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख, गाव, गीताचे नाव, गाणाऱ्यांची नावे आणि चाल कोणाकडून शिकली हे स्पष्ट बोलून घ्यावे. कागद हरवतो, आवाजातील नोंद आवाजाबरोबर राहते. त्याच दिवशी तीन प्रती कराव्यात : एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या इमारतीत.

घरोघरी पडून असलेल्या जुन्या कॅसेटींकडेही लक्ष द्यावे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या या छोट्या फितींवर अनेक धर्मग्रामांचे गायन आहे. आपल्याकडील दमट हवेत फितीला बुरशी लागते. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या छिद्रातून रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये वायर जोडली की तिचा आवाज उतरवून घेता येतो. बाहेरची वायर जोडण्याची सोय असलेला रेकॉर्डर निवडण्याचे हे आणखी एक कारण.

संमतीचा प्रश्न विसरू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांचेही हक्क मान्य केलेले आहेत. धार्मिक विधीत गीत गाण्यास कायद्याने मोकळीक दिली असली, तरी ते मुद्रित करून सर्वत्र प्रसारित करणे ही वेगळी गोष्ट आहे. गीतकाराची, संगीतकाराची आणि गाणाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी. मिस्साबलिदानाच्या वेळी मुद्रण करावयाचे तर प्रमुख धर्मगुरूंना विचारावे आणि उपकरणे कोणाच्या प्रार्थनेत व्यत्यय येणार नाही अशा जागी ठेवावीत. खरे तर जतनासाठीचे मुद्रण मिस्सा संपल्यावर किंवा एखाद्या वेगळ्या संध्याकाळी करणेच उत्तम.

आता खरेदीचा क्रम सांगून लेख संपवितो. प्रथम अंगचे माइक असलेला रेकॉर्डर, मग तिवई, हेडफोन, कार्ड व बॅटऱ्या, आणि वर्षभर वापरून हात बसल्यावरच बाहेरचे माइक. लहान धर्मग्रामांना एकट्याने हा खर्च पेलत नसेल, तर दोन-तीन धर्मग्रामांनी मिळून एक संच घ्यावा. तो रोज लागणारा नाही.

परंतु खरेदी होईपर्यंत थांबू नये, ही आमची विनंती. कोल्हापूर शहरात, आजऱ्यात, गडहिंग्लजमध्ये, आपल्या सर्व खेड्यापाड्यांत आजही असे वृद्ध आहेत, ज्यांच्या कंठात आजीपणजीकडून आलेली गीते आहेत. या रविवारी मिस्सा झाल्यावर त्यांच्यापैकी एकाच्या घरी जावे, पंखा बंद करावा, समोर हातभर अंतरावर बसावे आणि त्यांना गायला सांगावे. देवाने दिलेल्या देणगीचा आपण सांभाळ करावा. ‘पुढच्या वर्षी’ असे मात्र म्हणू नये.